किळस कशाची, ते सांग

आमच्या घरात जेवताना 'शी' म्हणायला बंदी होती. म्हटलं म्हणून कोणी मारत नसे, रागवतही नसे. पण ज्या पदार्थाला नाव ठेवलं तोच पदार्थ पानात आणखी एक पळी पडायचा, आणि पान स्वच्छ होईपर्यंत उठायचं नाही. कायदा नानांचा आणि अंमलबजावणी आईची. नाना म्हणजे माझे वडील. ते बुलढाण्याच्या कचेरीत दुभाषी होते. साक्षीदार आपल्या बोलीत जे सांगेल ते साहेबाला इंग्रजीत सांगायचं आणि साहेब जे विचारेल ते साक्षीदाराला त्याच्या बोलीत विचारायचं, हे त्यांचं काम. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द तोंडात घोळवून माणूस घरी येतो तेव्हा त्याला आपल्याच लेकरांच्या तोंडून 'शी' ऐकायची हौस नसावी, हे आता मला समजतं. तेव्हा मला फक्त तरोट्याची भाजी समजायची. पावसाळ्यात रानात फुकट उगवणारा हा तरोटा आई हरभऱ्याची डाळ घालून शिजवायची, वर लसणाची चरचरीत फोडणी द्यायची, आणि तरीसुद्धा त्याचा तो ओला, हिरवट वास काही जायचा नाही. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि तरोटा, असं आठवड्यातून तीनदा. माझ्या वाट्याला तो बहुधा दोन पळ्या येई, कारण माझं तोंड माझ्या ताब्यात नसे.

यावर मी अकराव्या वर्षी एक तोड काढली. बंदी 'शी'ला आहे, 'किळस'ला आहे, 'ओंगळ'ला आहे. पण दुसऱ्या भाषेतल्या शब्दाला कुठे आहे? आमच्या गल्लीत भाषांना तोटा नव्हता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे कचेरीत कोण जबलपूरकडचा, कोण नागपूरचा, कोण आणखी कुठला, आणि त्यांच्या बायका दुपारी आमच्याच विहिरीवर. शेजारी कापडाच्या दुकानवाल्या मणिबेन होत्या. त्यांना मी विचारलं, नको वाटतं त्याला तुमच्यात काय म्हणतात? त्यांनी नाक मुरडून, खांदे आखडून सांगितलं, "मने सूग चडे छे." मला तो शब्द एवढा आवडला की संध्याकाळी भाजी वाढल्याबरोबर मी साळसूदपणे म्हटलं, "आई, मले याची सूग चडते." आई नानांकडे पाहायला लागली. नाना भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "सूग चढली तिले. एक पळी वाढ."

मग मी हिंदीतली 'घिन' आणली. ती तर नानांना पाठच होती. कचेरीतला चपराशी रहीमचाचा संध्याकाळी नानांचं दप्तर घरी पोचवायला यायचा, त्याच्याकडून 'कराहियत' मिळवली; ती म्हणताना घशातून जी खरखर निघते तिनंच अर्धं काम होतं. पण एक पळी पडलीच, वर नानांनी उच्चार सुधारून दिला. शेवटी ओव्हरसिअरच्या बायकोकडे गेले. त्या तेलंगणाकडच्या. त्यांनी सांगितलं, "रोत." मी घरी येऊन 'रोत' म्हटलं आणि पहिल्यांदाच नानांचा हात घासावर थांबला. त्यांनी विचारलं, "हा कोनत्या मुलखाचा हाये वं?" मी सांगितलं. ते जेवण अर्धं सोडून उठले, डाव्या हातानं कोनाड्यातली वही काढली आणि शब्द लिहून घेतला. त्या दिवशी मला दुसरी पळी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी मिळाली. आता माझी नात समोरच्या वाटीकडे बघून 'यक्' म्हणते आणि आपल्या खोलीत निघून जाते. तिच्या पिढीला एकाच शब्दात भागवता येतं याचं मला वाईट वाटतं. आम्हाला निदान चार घरं हिंडावी लागत.

नानांना या शब्दांचं प्रेम होतं हे मात्र खरं. जेवताना बंदी, पण रविवारी दुपारी ओसरीवरच्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, पाय हलवत बसले की ते स्वतःच सुरू करत. वीट येतो तो एखादी गोष्ट फार झाली म्हणून. उबग येतो तो सहन करून थकल्यावर. तिटकारा हा जुना असतो, तो आज आला आणि उद्या गेला असं होत नाही. शिसारी अंगावर येते, आणि किळस आतून. ते म्हणत, "साहेबाले हे सगळे एकच वाटतात. तो म्हनतो, नापसंत लिहून टाका. म्या म्हनतो, नाही साहेब, साक्षीदार वीट म्हनला तं वीटच." साक्ष पुरी झाली की ती साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची आणि 'बरोबर आहे' असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं, अशी रीत होती. काही चुकलं असेल तर खोडायचं आणि खोडलेल्या जागी सही करायची. दुसरे दुभाषी हे भरभर उरकत. नाना मात्र अडाणी म्हातारीलासुद्धा ओळ अन् ओळ वाचून दाखवत आणि मान हलवलेली चालत नसे, तोंडानं बोलावं लागे. याच हट्टापायी त्यांना बढती मिळाली नाही असं आई म्हणायची. आईचं म्हणणं पुष्कळदा बरोबर असे.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा झालेली, अक्षर मोत्यासारखं, आणि बोलणं इतकं कमी की पाहुण्यांना ती मुकी वाटायची. माझ्या वाट्याचं आणि तिच्या वाट्याचं असं दोन्ही मीच बोलून घेत असे. तिनं कधी कुठल्या भाजीला नाव ठेवलं नाही. तरोटा ती पहिल्यांदा संपवून टाकायची आणि मग निवांत बाकीचं जेवायची. तिला सतरावं लागलं तसा आईचा जीव टांगणीला लागला. अशात नांदुऱ्याच्या मामानं वडनेर भोलजीचं स्थळ आणलं. मोठा जमीनजुमला, चिरेबंदी घर, दारात चार बैलजोड्या, मुलगा एकुलता, पंचविशीचा, इंग्रजी चार इयत्ता शिकलेला. हुंड्याचं नावही नाही. आईनं त्याच दिवशी गजानन महाराजांना नारळ बोलला.

मंडळी सकाळच्या गारव्यात घाट चढून दमणीतून आली. दमणी म्हणजे छपराची बैलगाडी. हिला पितळी घुंगरं होती, त्यामुळे सगळी गल्ली दारात आली. मुलगा, त्याचे काका, मामा आणि गाडी हाकणारा एक म्हातारा. म्हातारा बैल सोडून निंबाखाली बसला. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या, कढी, पातोड्यांची रस्सा भाजी, कुरड्या तळल्या होत्या, आणि तो वास इतका भरून राहिला होता की मला त्या मुलाचा चेहरासुद्धा आवडायला लागला. तसा तो देखणाच होता. बोलणं मऊ, आवाज खालचा, नानांना वाकून नमस्कार, आईला "माय, बसा न तुम्ही" असं आर्जवानं म्हणणं. अक्कानं जेवणाची पानं आणून ठेवली, खाली मान घालून दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि ती आत स्वयंपाकघरात गेली. मी दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघत होते.

जेवणं झाली, पानसुपारी झाली. मुलगा नानांशी साहेबाच्या बदलीबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याचा गाल फुगला. तो ओसरीच्या कडेला आला. अंगण आईनं पहाटेच शेणानं सारवलेलं, त्यावर रांगोळी. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हलकेच हाक मारली, "नामाजी." निंबाखालचा म्हातारा उठून लगबगीनं आला आणि कोणी काही न सांगता त्यानं दोन्ही हातांची ओंजळ वर धरली. मुलगा वाकला, ओंजळीत थुंकला, ओठ रुमालानं टिपले आणि नानांकडे वळून पुढचं वाक्य पुरं केलं. झालं. मामा आईच्या कानाशी म्हणाला, "पाह्यलं? अंगन खराब नाही केलं. याले म्हनतात घरंदाज." आईनं मान डोलावली. नानांचं लक्ष होतं की नव्हतं मला ठाऊक नाही. माझं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. काय नेटकं काम, असंच वाटलं. आज मी ऐंशीच्या घरात आहे आणि हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

म्हातारा ओंजळ तशीच धरून, कोपरं अंगापासून लांब ठेवून, घराच्या मागं गेला. विहिरीवर बादली होती, दोर होता, पण तसल्या हातांनी पाणी ओढायचं कसं? तो तिथं नुसता उभा राहिला. मी त्याच्या मागं गेले होते, गंमत म्हणून. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं अक्का बाहेर आली. अंगावर दाखवण्याचं नवं लुगडं. तिनं स्वयंपाकघराच्या जाळीतून सगळं पाहिलं होतं. तिनं पाणी शेंदलं, चुलीतली राख आणून त्याच्या हातांवर घातली आणि वरून धार धरली. म्हातारा संकोचून म्हणाला, "राहू द्या बाई. मले सवय हाये." अक्कानं दुसरी बादली शेंदली. त्याचे हात स्वच्छ निघेपर्यंत ती ओतत राहिली. मग त्याला जेवायला बसवलं, आणि पुरणपोळीवर तूप जरा जास्तच सोडलं.

तिसऱ्या दिवशी मामा होकार घेऊन आला. मुलगी पसंत, आता तुमचं उत्तर लिहून द्या, म्हणजे तिथी काढू. आईच्या पायाला भिंगरी लागली. आणि अक्काचं जेवण बंद झालं. ती पानावर बसायची, भाकरी मोडायची, घास तोंडाशी न्यायची आणि खाली ठेवायची. आईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, ओवा चावायला दिला, नजर लागली म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरीवर धुणं धुताना मी अक्काला विचारलं, "तुले काय झालं वं?" ती लुगडं पिळत होती. पिळता पिळता म्हणाली, "मले त्याची किळस येते. पन हे नानाले सांगू कसं?"

मला त्यातली अडचण लगेच समजली. जिथं भाजीला नाव ठेवता येत नाही तिथं एवढ्या मोठ्या घरच्या मुलाला कोण ठेवू देणार? आणि मुलीला विचारतं कोण? आमच्या ओळखीत कुठल्याच मुलीला कोणी विचारलेलं नव्हतं. अक्का तशीच न बोलता वडनेरला जाईल, त्या चिरेबंदी घरात रोज पानसुपारी होईल, आणि रोज ती हे बघत राहील, असं मला अगदी समोर दिसलं. मला रडू आलं. मी ठरवलं, आपणच सांगायचं.

दुसरा दिवस रविवार होता. सकाळचं कोवळं ऊन ओसरीवर आलेलं. नाना लिहायच्या डेस्काशी बसून मामाजवळ द्यायचं होकाराचं पत्र लिहीत होते; मामा आंघोळीला गेला होता. मी समोर जाऊन उभी राहिले. ऐन वेळी मराठीचा धीर होईना, म्हणून म्हटलं, "नाना, अक्काले त्या वडनेरवाल्याची सूग चडते." नानांनी वर पाहिलं नाही. मी म्हटलं, "घिन येते." लेखणी चालूच. "कराहियत होते." मग जवळ होतं नव्हतं ते सगळं काढलं, "रोत हाये, नाना, रोत."

नानांनी लेखणी ठेवली. "हे तुले कोनं सांगतलं?"

"अक्कानं."

"मंग तिले पाठव. ऐकीव साक्ष घेता येत नाही."

अक्का आली. तिच्या मागं आईही, हातांना पीठ लागलेलं, कारण तिला या घरात काही शिजतंय याचा वास नेहमी आधी यायचा. नानांनी होकाराचं पत्र बाजूला सारलं आणि कोरा कागद घेतला. का घेतला ते मला तेव्हा समजलं नाही. सवय असावी. कोणी काही सांगायला समोर उभं राहिलं की त्यांचा हात कागदाकडे जाई.

"ही कुशी म्हनते ते खरं काय?" त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं.

"हाव."

"मुलगा पसंत नाही, असं म्हननं हाये तुहं?"

"पसंत नाही, असं तं लुगड्याले म्हनतात, नाना."

"राग आला त्याचा?"

"राग नाही."

"मंग काय?"

अक्कानं एकदा आईकडे पाहिलं. "किळस येते."

"अवो, हे काय बोलनं हाये?" आई म्हणाली. "एवढं चालून आलेलं स्थळ. पोरीनं असं तोंड..."

नानांनी हात वर केला. कचेरीत करत असतील तसाच. "तिचं पुरं होऊ दे. किळस कशाची, ते सांग."

अक्कानं सांगितलं. ओंजळीचं, विहिरीचं, राखेचं. इतकं सलग बोलताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं. नाना लिहीत गेले. मध्येच थांबून म्हणाले, "म्हनजे थुंकीची किळस."

"थुंकीची नाही. थुंकी तं म्याच धुतली. त्याची. थुंकताना त्यानं नामाजीकडे पाह्यलंबी नाही. तो तुमच्यासंगं बोलून राह्यला होता."

"त्यानं आपलं अंगन वाचोलं," आई म्हणाली.

"हाव," अक्का म्हणाली. "अंगन वाचोलं."

नानांनी दोन ओळी लिहिल्या, कागद उन्हाकडे धरला आणि खाकरून वाचायला लागले, "मुलीचे म्हणणे असे की, स्थळ चांगले आहे, परंतु मुलाचे गाडीवानाशी वर्तन पाहून तिच्या मनास येत नाही. बरोबर आहे?"

"असं म्या नाही म्हटलं, नाना."

नानांचे कान लाल झाले. विटाच्या जागी नापसंत लिहू न देणारा, त्यासाठी साहेबाशी वाद घालणारा हा माणूस, पण स्वतःच्या लेकीच्या शब्दात त्यानं पाणी घातलं होतं. मुद्दाम नव्हे, बाप होता म्हणून. त्यांनी ती ओळ खोडली, खोडलेल्या जागी सही केली आणि खाली लिहिलं. पुन्हा वाचलं, "मला त्याची किळस येते. थुंकताना त्याने गाडीवानाकडे पाहिलेही नाही."

"गाडीवान नाही," अक्का म्हणाली. "नामाजी लिहा."

तेही खोडलं, तिथंही सही केली. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळ अन् ओळ वाचून दाखवली. अक्कानं मान हलवली. नाना थांबून राहिले. तेव्हा ती तोंडानं म्हणाली, "बरोबर हाये."

नानांनी होकाराचं पत्र फाडलं. आईनं डोक्याला हात लावला, तर कपाळाला पीठ लागलं. "आता लोकं काय म्हनतीन? भावाले तोंड कसं दाखवू मी? पत्रिका जुळत नाही असं तरी लिहा. सारेच तसं लिहतात."

"पत्रिका जुळते. म्याच जुळवून पाह्यली," नाना म्हणाले. त्यांनी नकाराचं पत्र लिहिलं, चार ओळींचं, आणि त्यात अक्काचं कारण तिच्याच शब्दात घातलं. मामा ते घेऊन गेला आणि दोन वर्षं आमच्याकडे आला नाही. वडनेरहून काही उत्तर आलं नाही. बुलढाण्यात मात्र महिनाभर आमच्याच घराची चर्चा होती. अक्का पुढे शेगावला मास्तरीण झाली, तिथल्याच एका शिक्षकाशी तिनं लग्न केलं, आणि या दोघांच्या घरात बोलण्याचं काम माझे मेहुणे करत. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी पत्र लिहून झालं तरी आई दारातून हलली नाही. मला वाटलं, आता भांडण होणार. तिनं पदरानं कपाळावरचं पीठ पुसलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माह्या वक्ताले मले कोनी काही इचारलं नाही."

नानांनी आणखी एक कोरा कागद ओढला आणि लेखणी शाईत बुडवली. "मंग आता सांग."

आईला हसूच आलं. "आता काय सांगू? दोन पोरी झाल्या."

"तरी सांग."

"लिहा मंग." ती चौकटीला टेकली. "किळस नव्हती. तुमाले पाह्यलंच कुठं होतं मी? पन भेव लय वाटलं. चार दिवस जेवली नाही. माह्या मायले वाटलं, मले नजर लागली. तिनंबी ओवाच चावाले देल्ला."

हे बोलून तिनं अक्काकडे पाहिलं, आणि तिचं हसू गेलं. नानांनी शब्दाला शब्द उतरवून घेतला. मग कागद उचलला, वाचून दाखवायला तोंड उघडलं, पण पहिल्या ओळीच्या पुढं त्यांना जाता येईना.

"राहू द्या," आई म्हणाली. "बरोबर हाये."